पांढऱ्या पावडरीची पारख

मुंबईत मशीद बंदर स्टेशनातून बाहेर पडून वडगादीकडे वळलं, की दुकानांच्या पाट्यांवर रसायनांची नावं दिसू लागतात. फुटपाथवर निळी पिंपं, दाराशी पंचवीस किलोच्या गोण्या आणि काउंटरवर नमुन्याच्या छोट्या पिशव्या. प्रिन्सेस स्ट्रीटवरही अशी दुकानं आहेत. पुण्यात हाच माल शोधणारी माणसं रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास फिरतात. वनस्पतींच्या पावडरींसाठी मात्र गावोगावची काष्ठौषधीची दुकानं आहेतच. आता तर शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं मोबाइलवरून मागवता येतात.

या पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या तर नवख्या माणसाला त्यांतला फरक सांगता येत नाही. केओलिन पांढरं, झिंक ऑक्साइड पांढरं, मक्याचा स्टार्च पांढरा. नायसिनमाइड, सायट्रिक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड, सगळेच पांढरे. त्यांतली एक पावडर चेहऱ्याला थंडावा देते, दुसरी प्रमाण चुकलं तर चेहरा भाजून काढते. भाव तर किलोला शंभर रुपयांच्या आतपासून कित्येक हजारांपर्यंत. घरी किंवा छोट्या प्रयोगशाळेत क्रीम, सिरम, फेस पॅक, अंगाला लावायची पावडर करून पाहणाऱ्या प्रत्येकाला या गर्दीतून निवड करावी लागते, तीही बेताच्या पैशांत.

असे प्रयोग करणारे आता थोडेथोडके राहिलेले नाहीत. नागपूरच्या एलएडी महाविद्यालयात कॉस्मेटिक टेक्नॉलॉजीची रीतसर पदवी मिळते, तिथले विद्यार्थी आहेत. फार्मसी शिकलेले तरुण आहेत, घरून साबण-लोशनचा उद्योग सुरू करू पाहणाऱ्या बायका आहेत, दिवाळीला उटणं करणारे बचत गट आहेत. कॅनडातल्या ‘द ऑर्डिनरी’ या ब्रँडने २०१६ मध्ये बाटलीवर घटकाचं नाव आणि टक्केवारी ठळक छापली, किंमतही कमी ठेवली, आणि ग्राहक घटकांची नावं घेऊन खरेदी करू लागले. जयपूरचा ‘मिनिमलिस्ट’ २०२० मध्ये त्याच वाटेने गेला. २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने त्यातला मोठा हिस्सा विकत घेण्याचा करार केला. नायसिनमाइड हे नाव आज कॉलेजातल्या मुलामुलींच्या तोंडी आहे. खरं तर ते भारतीय घरांत फार आधीपासून आहे. १९७५ मध्ये हिंदुस्तान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली, तिचा मुख्य घटक हाच होता.

बाटलीवर पाच टक्के लिहिलेलं असतं आणि पावडर बाजारात सुटी मिळते. मग घरीच का करू नये, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र कोणती पावडर, कुठल्या दर्जाची आणि किती, यावर अवलंबून आहे.

एकच नाव, वेगळा माल

जुन्या वाड्यांतली आणि कोकणातल्या घरांतली लाल कोब्याची जमीन आठवून पाहा. तिचा रंग आयर्न ऑक्साइडचा. लिपस्टिक, फाउंडेशन आणि कॉम्पॅक्टमधला लाल, पिवळा, काळा रंगही आयर्न ऑक्साइडचाच असतो. रंगाच्या दुकानातला लाल ऑक्साइड अगदी स्वस्त मिळतो, म्हणून तो ओठांच्या बाममध्ये घालून पाहण्याचा मोह होतो. फरक अशुद्धीत असतो. जमिनीतून काढलेल्या ऑक्साइडबरोबर शिसं आणि आर्सेनिक येऊ शकतं. म्हणून अमेरिकेच्या नियमांत प्रसाधनांसाठी फक्त कृत्रिमरीत्या तयार केलेल्या आयर्न ऑक्साइडला परवानगी आहे, आणि त्यात शिसं जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), आर्सेनिक ३ पीपीएम आणि पारा ३ पीपीएम असावा, असं बंधन आहे. भारतातही प्रसाधनांत परवानगी असलेल्या सेंद्रिय रंगांसाठी शिशाची मर्यादा २० पीपीएम आणि आर्सेनिकची २ पीपीएम आहे. कोब्यासाठी विकलेल्या गोणीची अशी तपासणी करायचं कोणालाच कारण नसतं.

झिंक ऑक्साइडची गोष्ट तीच. टायरच्या आणि रबराच्या कारखान्यांना ते मोठ्या प्रमाणात लागतं, आणि त्यासाठीचा माल पुष्कळदा जस्ताच्या भंगारातून तयार होतो. त्यात शिसं आणि कॅडमियम उरलेलं असू शकतं. औषधी दर्जाच्या झिंक ऑक्साइडवर ‘आयपी’ ही अक्षरं असतात, म्हणजे तो भारतीय औषधकोशाच्या कसोट्यांना उतरलेला माल. अंगाला लावायच्या पावडरीसाठी हाच घ्यायचा.

नायसिनमाइडच्या बाबतीत कारण आणखी सूक्ष्म आहे. त्यात निकोटिनिक ॲसिडचा अंश राहिला, तर लावल्यावर काही मिनिटांत चेहरा लाल होतो, जळजळतो. पशुखाद्यात किंवा खाद्यपदार्थांत मिसळायच्या मालात हा अंश थोडा जास्त असला तरी फारसं बिघडत नाही. चेहऱ्यावर मात्र तो लगेच जाणवतो. म्हणून प्रसाधनांसाठीचं, निकोटिनिक ॲसिड कमी असलेलं नायसिनमाइड वेगळं विकलं जातं.

दुकानात आणखी दोन खुणा भेटतात, ‘एलआर’ आणि ‘एआर’. ही प्रयोगशाळेतल्या रसायनांची प्रतवारी. एआर सर्वांत शुद्ध आणि महाग, म्हणून तेच चेहऱ्याला उत्तम, असा समज होतो. पण तो माल परीक्षानळीतल्या विश्लेषणासाठी तपासलेला असतो; त्यात जंतू किती आहेत, हे पाहिलेलं नसतं. प्रयोग करणाऱ्याने आयपी किंवा कॉस्मेटिक ग्रेड मागावा. एआरसाठी जादा पैसे मोजू नयेत, आणि ‘टेक्निकल’ किंवा ‘कमर्शियल’ लिहिलेल्या पिशवीला हात लावू नये.

हिशेब किलोचा नव्हे, बाटलीचा

पैसे वाचवण्याच्या नादात बहुतेक चुका इथे होतात. समजा, एका दुकानात नायसिनमाइड १,५०० रुपये किलो आहे आणि चांगल्या कागदपत्रांसह दुसरीकडे ३,००० रुपये. भाव दुप्पट दिसतो. पण ५० ग्रॅमच्या सिरममध्ये पाच टक्के म्हणजे अडीच ग्रॅम पावडर लागते. स्वस्त मालाने तिची किंमत ३ रुपये ७५ पैसे होते, महागाने साडेसात. एका बाटलीमागे पावणेचार रुपयांचा फरक. सिरमच्या रिकाम्या काचेच्या बाटलीलाच यापेक्षा जास्त पैसे पडतात.

हाच हिशेब पुढे नेला तर पाकीट केवढं घ्यायचं, तेही कळतं. शंभर ग्रॅम नायसिनमाइडमध्ये अशा चाळीस बाटल्या होतात. एक किलो घेतलं तर चारशे. घरी शिकणाऱ्याला चारशे बाटल्या कधीच करायच्या नसतात. उरलेली पावडर पावसाळ्यात ओल धरते आणि गोळा होऊन टाकावी लागते. किलोमागे पडणारी सूट खरी असली, तरी ती त्याच्या कामाची नसते.

हायलुरोनिक ॲसिडचं नाव ऐकून अनेक जण मागे सरतात, कारण ग्रॅमला मोजून पैसे द्यावे लागतात. पण ते ०.२ टक्के वापरलं, तर ५० ग्रॅमसाठी ०.१ ग्रॅमच लागतं. दहा ग्रॅमची डबी शंभर बाटल्यांना पुरते. खरा खर्च वजनकाट्याचा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमने पुढे सरकणारा काटा इथे निरुपयोगी ठरतो, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हवाच. चमच्याच्या मापाने सॅलिसिलिक ॲसिड घालणं धोक्याचं आहे. ते दोन टक्क्यांच्या वर नेऊ नये, असा दंडक आहे, आणि एकच सपाट चमचा भुकटीच्या बारीकपणानुसार वेगवेगळा भरतो.

पाकिटासोबतचा कागद

घाऊक व्यापारी प्रत्येक लॉटबरोबर ‘सीओए’ देतो, म्हणजे विश्लेषणाचा दाखला. त्यावर लॉटचा क्रमांक, शुद्धतेची टक्केवारी, ओलावा, जड धातू आणि जंतूंची संख्या असते. शंभर ग्रॅमची पाकिटं विकणारे छोटे विक्रेते बहुधा २५ किलोच्या गोणीतून माल काढून भरतात. अशा वेळी मूळ गोणीचा लॉट क्रमांक पाकिटावर आहे का आणि दाखल्यावरही तोच आहे का, हे जुळवून पाहावं. ‘दाखला आहे, पण दाखवत नाही’ म्हणणाऱ्याकडून स्वस्तातही घेऊ नये.

दुसरी खूण म्हणजे कॅस क्रमांक. नावं अनेक असली तरी प्रत्येक रसायनाला एकच क्रमांक असतो. नायसिनमाइडचा ९८-९२-०. यातला शेवटचा आकडा तपासणीचा, आणि तो कागद-पेन्सिलीने पडताळता येतो. शेवटचं शून्य सोडून उरलेले आकडे उजवीकडून घ्यायचे: २, ९, ८, ९. त्यांना क्रमाने १, २, ३ आणि ४ ने गुणायचं. दोन, अठरा, चोवीस, छत्तीस. बेरीज ८०, तिचा शेवटचा आकडा शून्य, म्हणजे क्रमांक बरोबर. क जीवनसत्त्वाचा, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडचा क्रमांक ५०-८१-७. एक, सोळा, शून्य, वीस; बेरीज ३७, शेवटी सात. पाकिटावरचा क्रमांक या हिशेबात बसत नसेल, तर तो निदान निष्काळजीपणे छापला आहे, एवढं नक्की. क्रमांक जुळला म्हणून आतला माल शुद्ध, असं मात्र ठरत नाही.

उटण्याचं सामान

वनस्पतींच्या पावडरींना कॅस क्रमांकाचा आधार नसतो. इथे नाक, डोळे आणि ओळखीचा दुकानदार यांवरच भिस्त. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, गुलाबपाकळी, संत्र्याची साल, मसूर, मुलतानी माती: उटण्याची यादी घरोघर थोडी वेगळी. बजेट सांभाळायचं तर तयार पुड्यांपेक्षा अख्खं सामान घेणं बरं. नागरमोथ्याच्या गाठी आणि वाळ्याच्या मुळ्या डोळ्यांनी ओळखता येतात. त्यांची पूड झाली की त्यात काय मिसळलंय, हे कळायला मार्ग राहत नाही.

चंदनाबद्दल भावच सांगतो. खऱ्या चंदनाचा गाभा किलोला हजारो रुपयांना जातो. दोनशे-तीनशे रुपये किलोने ‘शुद्ध चंदन पावडर’ मिळत असेल, तर तो सुगंध लावलेला दुसऱ्याच लाकडाचा भुसा असतो. तो घेण्यापेक्षा चंदन वगळलेलं उटणं उत्तम. कस्तुरी हळदीच्या नावाखालीही दुसऱ्या जातींच्या हळदी विकल्या जातात. अस्सल कस्तुरी हळदीची पूड फिकट, साईच्या रंगाकडे झुकणारी असते. गर्द पिवळी पूड समोर आली तर शंका घ्यावी.

बावचीविषयी जास्त सांभाळून राहायला हवं. बाकुचिऑल या घटकाचं सध्या मोठं नाव आहे, आणि तो बावचीच्या बियांतून काढतात, म्हणून अनेक जण सरळ बावचीची पूडच पॅकमध्ये घालतात. त्या बियांत सोरालेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं, तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात आणि काळे डाग राहतात. कोडावरच्या उपचारांत डॉक्टर सोरालेनचा हाच गुण मोजूनमापून वापरतात. दिवाळीच्या पहाटे उटण्यात ते नको.

दळण हाही विचार करण्याचा मुद्दा. मिरची-मसाल्याच्या कांडप यंत्रावर दळलेल्या उटण्यात तिखट उतरतं, आणि अभ्यंगस्नानाला अंगाची आग होते. उटण्याचं सामान घरच्या मिक्सरमध्ये बारीक करून वस्त्रगाळ करणं स्वस्त आणि सुरक्षित. चेहऱ्यासाठी तर वस्त्रगाळ हवीच. जाडसर कण त्वचेवर ओरखडे काढतात. बाजारातल्या भाषेत २०० मेश म्हणजे साधारण ७४ मायक्रॉनचे कण, ३२५ मेश म्हणजे ४४ मायक्रॉनचे.

मुळं आणि माती जमिनीतून येतात, तेव्हा त्यांच्यासोबत जंतूंचे बीजाणूही येतात. प्रसाधनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ग्रॅममागे जंतूंची मर्यादा १,००० आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आणि डोळ्यांभोवती लावायच्या वस्तूंसाठी १००. वाशीला अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या संस्थेचं केंद्र २००० सालापासून मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करतं. हर्बल पावडरी विकणाऱ्या मोठ्या कंपन्याही अशीच प्रक्रिया करून घेतात. राजस्थानातून सुटी आलेली मुलतानी माती अशा प्रक्रियेतून गेलेली नसते. पिकलेल्या मुरुमांवर किंवा फुटलेल्या त्वचेवर तिचा लेप देऊ नये.

घरच्या चाचण्या आणि त्यांची हद्द

काही गोष्टी स्वयंपाकघरात तपासता येतात. केओलिनवर व्हिनेगरचे थेंब टाकले आणि बुडबुडे आले, तर त्यात खडूची भेसळ आहे. नायसिनमाइड पाण्यात पूर्ण विरघळून पाणी नितळ राहायला हवं. तळाशी गाळ बसला तर पाकीट परत करावं. क जीवनसत्त्वाच्या नावाने कोणी स्वस्त सायट्रिक ॲसिड दिलं असेल, तर आयोडीनच्या मलमपट्टीच्या औषधाने ते उघडं पडतं. त्या तपकिरी पाण्यात क जीवनसत्त्वाची चिमूट टाकली की रंग उडतो. सायट्रिक ॲसिडने उडत नाही. झिंक ऑक्साइड तापवलं की पिवळं होतं आणि थंड झालं की पुन्हा पांढरं.

शिसं, पारा आणि जंतू मात्र यांतल्या कुठल्याच चाचणीत दिसत नाहीत, आणि खरी इजा तेच करतात. २०२३ मध्ये अकोल्याची एक बातमी राज्यभर गाजली. एकाच घरातल्या तिघींनी ब्युटीशियनकडून घेतलेलं क्रीम वापरलं आणि तिघींच्याही मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममधला पारा उघडकीस आला. केरळमधल्या डॉक्टरांनी ‘किडनी इंटरनॅशनल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण होते; त्यांतल्या १३ जणांनी गोरं करणारी क्रीम वापरली होती. भारतात प्रसाधनांत पारा वापरायला बंदी आहे. डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतरांत नकळत आलेला पाराही १ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्याचे क्षारही पांढऱ्या भुकटीसारखेच दिसतात. नाव न सांगता ‘व्हाइटनिंग पावडर’ म्हणून विकली जाणारी वस्तू कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

कुंकू-सिंदुराबाबतही हीच काळजी हवी. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतून आणि भारतातून आणलेले सिंदुराचे ११८ नमुने तपासले, तेव्हा बहुतेकांत शिसं सापडलं. घरी लाल रंगाचे प्रयोग करणाऱ्यांनी पूजेच्या दुकानातलं कुंकू किंवा सिंदूर ओठांच्या वस्तूंत कदापि घालू नये.

पहिला प्रयोग कोरडा

शिकणाऱ्याने सुरुवात अंगाला लावायच्या साध्या पावडरीने करावी. टाल्क टाळायचा असेल, तर शंभर ग्रॅमचा ढोबळ आराखडा असा: मक्याचा स्टार्च ६५, केओलिन २५, मॅग्नेशियम स्टिअरेट ५, झिंक ऑक्साइड ५. स्टार्च घाम टिपतो आणि हाताला मऊ लागतो. केओलिन तेल शोषून चकाकी घालवतं, मॅग्नेशियम स्टिअरेटमुळे पावडर अंगाला धरून राहते, झिंक ऑक्साइड थोडं झाकतं. चारही घटक आयपी दर्जात बेताच्या भावात मिळतात. तीन वेळा चाळायचं, तोंडाला मास्क बांधून. बारीक भुकटी फुप्फुसात जाते. पुढच्या खेपेला एकच घटक पाच ग्रॅमने बदलायचा आणि काय बदललं, ते वहीत लिहायचं. एकदम दोन घटक बदलले तर काहीच शिकायला मिळत नाही.

कोरड्या पावडरीचाही सामू, म्हणजे पीएच, मोजावा लागतो, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचा एक नमुना सामूच्या मर्यादेबाहेर गेला, म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला. न्यायालयाच्या आदेशाने नमुन्यांची पुन्हा तपासणी झाली, ते निकषांत बसले, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. घरी सामूपट्टी पुरते: चिमूटभर पावडर पाण्यात ढवळून पट्टी बुडवायची.

पाणी मिसळलं की काम दुप्पट अवघड होतं. पाण्यात जंतू वाढतात, म्हणून टिकवणारं द्रव्य घालावंच लागतं. फेनॉक्सिइथेनॉल एक टक्क्यापर्यंत चालतं, सोडियम बेंझोएट आम्लधर्मी मिश्रणातच काम करतं. क जीवनसत्त्व कोरडं असताना टिकतं, पाण्यात गेलं की काही दिवसांत पिवळं पडतं. म्हणून कमी पैशांत प्रयोग करणाऱ्याने ते आठवड्यापुरतंच मिसळावं. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी.

सनस्क्रीन मात्र घरी करूच नये. झिंक ऑक्साइडची शुद्ध पावडर हाताशी असली तरी ती क्रीममध्ये गुठळ्या न होता सारखी पसरली का, हे घरी कळत नाही. एसपीएफ ठरवण्यासाठी प्रत्यक्ष माणसांच्या त्वचेवर, चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून प्रयोगशाळेत चाचणी करावी लागते. डोळ्यांत घालायचं काजळ आणि तान्ह्या बाळांची पावडर याही वस्तू विकतच आणाव्यात.

विकायचं ठरलं तर

स्वतःपुरता प्रयोग करायला परवाना लागत नाही. पहिलं पाकीट विकलं की सौंदर्यप्रसाधन नियम २०२० लागू होतात आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. स्वतःचा कारखाना नसेल तर परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात माल करून घेण्यासाठी ‘लोन लायसन्स’ची सोय आहे. पाकिटावर ‘आयुर्वेदिक’ लिहिलं तर परवाना वेगळा. हा खर्च सुरुवातीच्या हिशेबात धरलाच पाहिजे.

पैसे वाचवायचे ते पाकिटाच्या आकारात, घटकांच्या संख्येत आणि डब्या-बाटल्यांत वाचवावेत. पावडरीच्या दर्जात नाही. नवख्याला केओलिन, स्टार्च, झिंक ऑक्साइड आणि नायसिनमाइड, एक चांगला काटा आणि सामूपट्ट्या एवढं सामान वर्षभर शिकायला पुरतं. आणि यंदाच्या दिवाळीला उटणं विकणाऱ्या प्रत्येक बचत गटाला एक विनंती: पाकिटावर घटकांची पूर्ण यादी आणि दळल्याची तारीख छापा. घेणाऱ्यांनीही ती नसेल तर पाकीट जागेवर ठेवावं.